पहिल्या फाउंटन पेनाची निब: जाडी ठरवण्याची पद्धत, पायरीपायरीने

पहिलं फाउंटन पेन घेताना निबेच्या बाबतीत दोन चुका सर्रास होतात. ‘एम’ म्हणजे मधली, म्हणून ती सुरक्षित, असं धरून मीडियम घेतली जाते आणि वहीत ‘ब’ आणि ‘व’ सारखेच दिसू लागतात. नाहीतर बारीक अक्षराच्या हौसेने थेट एक्स्ट्रा फाइन घेतली जाते आणि बॉलपेनावर घडलेला जड हात ती कागदात रुतवतो. दोन्ही वेळा दोष पेनाला मिळतो आणि पेन खणात पडून राहतं.

चूक पेनात नसते, क्रमात असते. आधी पेन पसंत केलं जातं, मग निब, मग शाई, आणि वहीचा विचार सगळ्यात शेवटी येतो. खाली दिलेला क्रम याच्या उलटा आहे: आधी तुमचं अक्षर मोजायचं, मग कागद तपासायचा, मग हात, आणि त्यानंतरच निबेवर कोरलेलं अक्षर वाचायचं. सगळं मिळून तासाभराचं काम आहे.

## तयारी: काय हाताशी हवं

- ज्या वहीत किंवा कागदावर तुम्ही खरोखर लिहिणार आहात, तीच वही. ठेवणीतली भारी वही नको.
- तुम्ही घाईत लिहिलेलं एक जुनं पान. ‘नमुना’ म्हणून मुद्दाम बसून लिहिलेलं सुवाच्य अक्षर इथे कामाचं नाही, कारण ते रोजच्यापेक्षा मोठं आणि सुटं असतं.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी.
- ०.३८, ०.५ आणि ०.७ अशी तीन जेल पेनं.
- पाण्यासारख्या पातळ शाईचं एक रोलरबॉल पेन. हे कागद तपासायला लागेल.
- शक्य असल्यास दहापट मोठं दाखवणारं भिंग.

याखेरीज रेघांच्या जाडीची एक पट्टी छापून घ्या. संगणकावर कुठल्याही लेखन-प्रणालीत रेघेची जाडी पॉइंटमध्ये देता येते आणि १ पॉइंट म्हणजे ०.३५ मिमी. त्या हिशेबाने पाच रेघा आखा:

| पॉइंट | मिलिमीटर (सुमारे) |
|---|---|
| ०.७५ | ०.२६ |
| १ | ०.३५ |
| १.५ | ०.५३ |
| २ | ०.७१ |
| ३ | १.०६ |

लेझर प्रिंटरवर छापा. इंकजेटवर साध्या कागदात शाई थोडी पसरते आणि माप चुकतं.

इशारा: छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून ‘मूळ आकार’ निवडा. खात्रीसाठी त्याच पानावर १०० मिमीची एक आडवी रेघ आखा आणि छापून आल्यावर पट्टीने मोजा. ती ९६ किंवा ९७ भरली, तर मूळ आकाराच्या पर्यायावर पुन्हा छापा.

## पायरी १: तीन वेगवेगळे आकडे वेगळे करा

पेनाच्या वर्णनात तीन प्रकारची मापं येतात आणि ती एकमेकांत मिसळली की पुढचं सगळं चुकतं.

निबेचा क्रमांक. ५ नंबर, ६ नंबर असं लिहिलेलं असतं. हे निबेच्या धातूच्या पत्र्याचं आकारमान आहे, म्हणजे ती पेनात बसते कशी याचं माप. रेघेच्या जाडीशी त्याचा काही संबंध नाही. ६ नंबरची निब एक्स्ट्रा फाइन असू शकते आणि ५ नंबरची ब्रॉड.

निबेची श्रेणी. ईएफ (एक्स्ट्रा फाइन), एफ (फाइन), एम (मीडियम), बी (ब्रॉड). निबेच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा जो बारीक मणी जोडलेला असतो, तो किती रुंद घासला आहे ते यावरून कळतं. पण ही अक्षरं कुठल्याही सर्वमान्य मापाला बांधलेली नाहीत. प्रत्येक कंपनी आपापली जाडी ठरवते, आणि एकाच कंपनीच्या एकाच श्रेणीतल्या दोन निबांतही थोडा फरक निघतो.

जेल पेनाचा आकडा. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. जेल पेनावर लिहिलेलं ०.७ हे आतल्या गोळीच्या व्यासाचं माप असतं. कागदावर गोळीचा थोडाच भाग टेकतो, म्हणून रेघ त्याहून बरीच बारीक उमटते. ०.७ च्या जेल पेनाची रेघ साधारण ०.४ मिमी असते, ०.५ ची ०.३ च्या आसपास, आणि ०.३८ ची ०.२ च्या आसपास.

आता ‘मला ०.७ चं जेल पेन आवडतं, म्हणून ०.७ ची निब’ या हिशेबाचं काय होतं ते पाहा. युरोपीय एम निबेची रेघ खरोखरच ०.७ च्या आसपास असते. म्हणजे सवयीच्या रेघेपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जाड रेघ हाती येते. ०.७ जेलच्या जागी बसणारी निब जपानी एफ, नाहीतर युरोपीय ईएफ (जपानी निबा साधारण एक श्रेणी बारीक असतात; तक्ता पायरी ५ मध्ये आहे).

तपासून पाहा: तिन्ही जेल पेनांनी एकेक आडवी रेघ ओढा आणि छापलेल्या पट्टीशेजारी धरा. ०.७ च्या पेनाची रेघ २ पॉइंटजवळ न जाता १ पॉइंटच्या जवळपास बसेल.

## पायरी २: स्वतःचं अक्षर मोजा

घाईत लिहिलेलं जुनं पान घ्या. त्यातली न, म, त, प अशी साधी, वर-खाली मात्रा किंवा उकार नसलेली दहा अक्षरं निवडा. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची मोजा आणि दहांची सरासरी काढा. वहीच्या दोन ओळींमधलं अंतर मोजू नका; ८ मिमीच्या ओळीत कुणी ३ मिमीचं अक्षर काढतं, तर कुणी ५ चं.

मग हा अंदाज वापरा. उंचीला ८ ने भागलं की सोयीची रेघ मिळते आणि ६ ने भागलं की वरची मर्यादा.

- अक्षर ३ मिमी: सोयीची रेघ ०.३७ च्या आसपास, मर्यादा ०.५.
- अक्षर ४ मिमी: सोयीची ०.५, मर्यादा ०.६५.
- अक्षर ५ मिमी: सोयीची ०.६, मर्यादा ०.८.

मर्यादा ओलांडली की काय होतं, हे देवनागरीत पटकन दिसतं. ‘ब’ च्या पोटातली तिरकी रेघ पोटालाच चिकटते. ‘ष’ आणि ‘प’ एक होतात. ‘द्ध’, ‘क्ष’, ‘श्री’ यांतल्या पोकळ्या भरून जातात. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेवर सांडलेल्या डागासारखा दिसतो आणि रफार मात्रेत मिसळतो. साध्या रोमन लिपीपेक्षा देवनागरीत एका अक्षराच्या चौकटीत जास्त रेघा येतात, त्यामुळे इंग्रजी लेखनाचे नमुने बघून निब निवडणाऱ्याला मराठी लिहिताना ती जवळजवळ नेहमीच एक श्रेणी जाड पडते.

लेखन मुख्यतः इंग्रजीत होत असेल तर लहान लिपीतल्या ‘एन’ची उंची मोजा आणि ५ ने भागा. २ मिमीच्या अक्षराला ०.४, अडीच मिमीला ०.५. लहान ‘ई’चा डोळा उघडा राहतो का, एवढं पाहिलं तरी पुरे. दोन्ही लिप्यांत लिहिणाऱ्यांनी दोन्ही आकडे काढून बारीक आकडा धरावा.

तपासून पाहा: तिन्ही जेल पेनांनी तुमच्या नेहमीच्या वेगाने हे लिहा: ब व ष प भ म थ द्ध क्ष ज्ञ श्री र्थीं. कागद हातभर लांब धरा. कुठल्या रेघेपर्यंत सगळ्या पोकळ्या पांढऱ्या दिसतात? ०.७ च्या जेलमध्येच ‘ष’ मिटत असेल, तर भागाकाराने काहीही सांगितलं तरी ०.४ च्या खालीच राहा.

## पायरी ३: कागदाची परीक्षा

निबेने कागदावर टेकवलेली रेघ आणि दहा सेकंदांनी तिथे दिसणारी रेघ एक नसतात. फाउंटन पेनाची शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते आणि कागदाच्या तंतूंमधून ती आडवी पसरते. कागद बनवताना त्याला शाई रोखणारी खळ किती दिली आहे, यावर पसरणं ठरतं.

म्हणूनच जीएसएमवर विसंबू नका. तो कागदाच्या वजनाचा आकडा आहे. ५२ जीएसएमचा टोमोए रिव्हर कागद फाउंटन पेनाची ओली रेघ सहज पेलतो, आणि त्याच्या दुप्पट जाड कागदावरही खळ कमी असेल तर शाई फुटते.

परीक्षा अशी करा:

1. तुमच्या वहीच्या मधल्या एखाद्या पानावर रोलरबॉलने तीन ओळी लिहा. एका ठिकाणी पेन दोन सेकंद टेकवून ठेवा.
2. एक मिनिट थांबा.
3. भिंगाने रेघेची कड पाहा. कड सरळ आहे की तिला केसासारखे फाटे फुटले आहेत?
4. पान उलटा. मागे नुसती सावली दिसते की शाई उतरून ठिपके आले आहेत?
5. नवी ओळ लिहून ५, १०, १५ आणि २० सेकंदांनी बोट फिरवा. कितव्या सेकंदाला पुसट होणं थांबलं ते लिहून ठेवा.

कड सरळ आणि पाठ कोरी असेल तर पायरी २ चा आकडा तसाच ठेवा. फाटे फुटत असतील तर त्यातून ०.१ मिमी वजा करा. पाठीमागे शाई उतरत असेल आणि तुम्ही पाठपोट लिहीत असाल, तर सोयीच्या आकड्याच्याही एक श्रेणी खाली जा, किंवा वही बदला. वही बदलणं हा बहुतेक वेळा चांगला उपाय आहे, पण कार्यालयातले फॉर्म किंवा उत्तरपत्रिका असं ज्यांना कागद निवडण्याची मुभा नाही, त्यांना निबच बारीक घ्यावी लागते.

गुळगुळीत, न शोषणाऱ्या कागदावर उलटं होतं. रेघ बारीक आणि धारदार राहते, पण वाळायला वेळ लागतो. २० सेकंदांनंतरही रेघ पुसत असेल आणि तुम्ही भराभर पानं उलटत असाल, तर जाड निब नको. जास्त शाई म्हणजे जास्त ओल.

इशारा: वहीच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर परीक्षा घेऊ नका. तिथे हाताचा घाम आणि तेल लागलेलं असतं, आणि तेलकट जागी शाई तुटक लागते.

## पायरी ४: हाताचा भार आणि कोन

बॉलपेनाला दाबल्याशिवाय शाई येत नाही. फाउंटन पेनात ती निबेच्या मधल्या चिरेतून केशाकर्षणाने आपोआप खाली येते. टोक कागदाला नुसतं टेकलं की पुरतं. पण वर्षानुवर्षांची दाबण्याची सवय पहिल्या दिवशी सुटत नाही, हे गृहीत धरूनच निब निवडावी.

तीन कोरे कागद एकावर एक ठेवून वरच्यावर नेहमीच्या बॉलपेनाने पाच ओळी लिहा. मग दुसरा आणि तिसरा कागद उलटून पाठीवर बोट फिरवा.

- दुसऱ्यावरही उठाव जाणवत नाही: हात हलका. कुठलीही श्रेणी चालेल.
- दुसऱ्यावर जाणवतो, तिसऱ्यावर नाही: मध्यम. ईएफ घेण्याआधी विचार करा.
- तिसऱ्यावरही जाणवतो: जड हात. ईएफ टाळा. स्टीलची, ताठ, एफ किंवा जपानी एम घ्या.

जड हात आणि ईएफ यांचं का जमत नाही? टोक जितकं लहान, तितका तोच भार कमी जागेवर एकवटतो. टोक कागदाचे तंतू खरवडतं, ते तंतू चिरेत अडकतात, रेघ अचानक जाड आणि केसाळ होते. त्यातच दाबामुळे निबेची दोन पाती फाकतात, म्हणजे बारीक म्हणून घेतलेली निब एफसारखी रेघ ओढू लागते. वारंवार असं झालं तर पाती वाकडी होऊन तशीच राहतात. ‘मऊ’ किंवा ‘फ्लेक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निबा जड हाताला याच कारणाने पहिल्या पेनात नकोत.

कोनही पाहून घ्या. कागदाशी ४० ते ५५ अंशांचा कोन बहुतेक निबांना मानवतो. बॉलपेन उभं धरणाऱ्यांचा कोन ७० च्या पुढे जातो. अशा हाताला टोकाचा पुढचाच भाग टेकतो आणि रेघ अपेक्षेपेक्षा बारीक, थोडी खरखरीत येते. बोटांत पेन फिरवण्याची सवय असेल तर बारीक निब आणखी अडते, कारण तिची नीट लिहिणारी जागा फार छोटी असते. एफ आणि एम याबाबत बऱ्याच सोशिक आहेत.

डावखुऱ्यांसाठी. तळहात ओळीच्या खाली राहत असेल तर वेगळं काही करायला नको. हात ओळीच्या बाजूने किंवा वरून फिरत असेल, तर तो ओल्या अक्षरांवरून जातो. मग बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई. शिवाय अशा हाताने बऱ्याच रेघा ओढल्या न जाता ढकलल्या जातात. ढकलताना ईएफ टोचते आणि चपट्या टोकाची स्टब अडते. गोल टोकाची एफ घ्या. लामीसारख्या काही कंपन्या डावखुऱ्यांसाठी वेगळी निब देतात, पण साधी एफ चांगली चालत असेल तर तिची गरज पडत नाही.

## पायरी ५: आकडा श्रेणीत बदला

आता तुमच्याकडे मिलिमीटरमधला एक आकडा आणि हाताबद्दलची एक नोंद आहे. साधारण जाडी अशी असते:

| श्रेणी | जपानी बनावट | युरोपीय बनावट |
|---|---|---|
| ईएफ | ०.२–०.३ | ०.४–०.५ |
| एफ | ०.३–०.४ | ०.५–०.६ |
| एम | ०.४–०.६ | ०.६–०.८ |
| बी | ०.६–०.८ | ०.८–१.१ |

पायलट, सेलर, प्लॅटिनम हे जपानी. लामी, पेलिकन, कावेको हे जर्मन. ढोबळ नियम एवढाच की जपानी निब एक श्रेणी बारीक असते. सेलर एफ आणि एमच्या मधली एमएफ अशी श्रेणीही देते. प्लॅटिनमच्या प्रेपी पेनावर तर ०२, ०३, ०५ असे आकडेच असतात आणि ते ०.२, ०.३ आणि ०.५ मिमी असे वाचायचे.

इशारा: पेनाच्या कंपनीचा देश न बघता निब कुठे बनली ते पाहा. अनेक कंपन्या स्वतः निब बनवत नाहीत. योवो किंवा बॉक या जर्मन कारखान्यांच्या निबा बसवतात. ट्विस्बी ही तैवानची कंपनी, पण तिच्या निबा जर्मन बनावटीच्या, म्हणून ‘आशियाई आहे, बारीक असेल’ हा तर्क तिथे चुकतो.

निर्णय घेताना अडचणीच्या जागा ठरलेल्या आहेत.

*आकडा ०.३, पण हात जड.* हाताचं ऐका. ०.४ च्या आसपासची ताठ निब घ्या आणि अक्षर अर्धा मिलिमीटर मोठं काढा. अक्षर थोडं मोठं करणं आठवड्यात जमतं, दाब कमी करायला महिने लागतात.

*आकडा दोन श्रेणींच्या मध्ये.* कागद शोषणारा असेल तर बारीक, गुळगुळीत असेल तर जाड.

*मोजमाप करूनही मन ठरत नाही.* मराठी लेखनासाठी आमचं स्पष्ट मत: जपानी एफ किंवा युरोपीय ईएफ, आणि हात जड असेल तर जपानी एम किंवा युरोपीय एफ.

स्टब निबेचा मोह पहिल्या पेनात आवरा. १.१ मिमीची स्टब साधारणपणे उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक काढते. काना ठसठशीत आणि शिरोरेषा नाजूक दिसते हे खरं, पण त्यासाठी अक्षर किमान ६-७ मिमी उंच हवं आणि टोकाच्या दोन्ही कडा एकाच वेळी कागदावर टेकायला हव्यात. रोजच्या वहीत ते होत नाही.

सोन्याची की स्टीलची, हा प्रश्न जाडी ठरवताना बाजूला ठेवा. कागदाला सोनं लागतच नाही. लागतो तो टोकावरचा कठीण मिश्रधातूचा मणी, आणि तो दोन्हींवर असतो.

## पायरी ६: घेताना तपासणी

आधी कोरड्या निबेची.

1. भिंगातून टोक समोरून पाहा. मण्याचे दोन्ही अर्धे एका पातळीत हवेत. एक वर, एक खाली असेल तर निब खरवडणार.
2. निब उजेडासमोर धरा. चीर छिद्रापासून टोकाकडे निमुळती होत गेलेली दिसावी. टोकाशी ती उलट रुंद होत असेल तर शाई नीट उतरणार नाही.
3. निबेच्या खालचं फीड, म्हणजे निबेला शाई पुरवणारा भाग, बरोबर चिरेच्या मध्यरेषेवर आहे ना, पाहा.

मग दुकानदाराची परवानगी घेऊन निब शाईत बुडवून लिहा. इथे घाई करणारे हमखास फसतात. बुडवलेल्या निबेवर जादा शाई चिकटलेली असते, म्हणून पहिल्या दोन-तीन ओळी फुगीर येतात. फीड पुरतं भरलेलं नसल्याने थोड्या वेळाने रेघ सुकत जाते. खरी जाडी या दोन्हींच्या मध्ये असते. बुडवा, बाटलीच्या काठाला टोक टेकवून जादा शाई काढा, तीन ओळी सोडून द्या आणि चौथ्या-पाचव्या ओळीवरून ठरवा. स्वतःच्या वहीचं एक पान आणि छापलेली पट्टी सोबत न्या. दुकानातला चकचकीत कागद तुमच्या वहीबद्दल काहीच सांगत नाही.

लिहायचं काय? पायरी २ मधली अक्षरं, आणि मग सलग इंग्रजी आठचा आकडा, आधी एका दिशेने, मग उलट.

- एकाच दिशेने खरखर: पाती वरखाली झाली आहेत. दुसरी निब मागा.
- सगळ्या दिशांनी सारखी, हलकी कुरकुर: बारीक निबेचा स्वभाव. दोष नाही.
- प्रत्येक शब्दाची पहिली रेघ कोरी, दुसरीपासून शाई: मण्याच्या आतल्या कडा जास्त घासल्या गेल्या आहेत. एम आणि बीमध्ये हे जास्त दिसतं. निब हाताला लोण्यासारखी वाटली तरी घेऊ नका.

पेन घरपोच मागवलं असेल तर आधी वरच्या तीन कोरड्या तपासण्या करा, आणि शाई भरण्याआधी परत करण्याची अट वाचा. शाई लागलेलं पेन अनेक विक्रेते परत घेत नाहीत.

## पायरी ७: पहिली भरणी

नव्या निबेवर आणि फीडवर कारखान्यातलं तेल राहिलेलं असू शकतं. ते शाई अडवतं, रेघ तुटक आणि बारीक होते, आणि निब चुकीची निवडली असा समज होतो. म्हणून आधी धुवा. कपभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका, कन्व्हर्टरने (पेनात शाई ओढून घेणाऱ्या नळीने) पाच-सहा वेळा पाणी ओढा आणि सोडा, मग साध्या पाण्याने फेस जाईपर्यंत तसंच करा. निब खाली करून टिश्यूवर काही तास ठेवा. गरम पाणी वापरू नका. प्लास्टिकचं फीड वाकू शकतं.

पहिली शाई साधी, चमकी नसलेली, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची निळी किंवा काळी. चमकीच्या शाईतले कण बारीक निबेच्या फीडमध्ये अडकतात. चित्रकलेची किंवा बोरूची ‘इंडिया इंक’ फाउंटन पेनात कधीही भरू नका. तिच्यातलं लाखेसारखं द्रव्य वाळून फीड कायमचं बंद करतं.

पहिल्या दोन भरण्या होईपर्यंत निबेबद्दल मत बनवू नका. निब न बदलताही रेघ बरीच हलवता येते, आणि उपाय या क्रमाने करायचे:

रेघ अपेक्षेपेक्षा जाड. आधी पेन कोरड्या, म्हणजे निबेतून कमी वाहणाऱ्या, शाईवर न्या. पेलिकन ४००१ मालिका कोरडी म्हणून ओळखली जाते आणि तीच निब तिच्यासोबत स्पष्टपणे बारीक लिहिते. मग कागद बदलून पाहा. मग दाब तपासा: पेन तीन बोटांत सैल धरून, नुसत्या स्वतःच्या वजनाने एक रेघ ओढा. ती बारीक आली आणि तुमची नेहमीची जाड, तर दोष हाताचा आहे.

रेघ बारीक, फिकी, तुटक. पुन्हा एकदा धुवा. मग ओली, म्हणजे जास्त वाहणारी, शाई वापरून पाहा. पायलटच्या इरोशिझुकू शाया या बाबतीत खात्रीच्या आहेत. काडतूस (शाई भरलेली तयार नळी) वापरत असाल तर ते बसवल्यावर पेन निब खाली करून काही मिनिटं ठेवा, फीड भरू द्या.

खरखर. पेन बोटांत थोडं डावी-उजवीकडे फिरवून चिरेच्या दोन्ही बाजू सारख्या टेकतील अशी जागा शोधा. पुष्कळदा तक्रार इथेच मिटते.

इशारा: निब गुळगुळीत करायला पॉलिश पेपरवर घासू नका. मण्याचा घासलेला भाग परत येत नाही, आणि पहिल्या पेनाच्या खरखरीचं कारण बहुतेक वेळा टोकात नसून पातींच्या पातळीत असतं.

## पायरी ८: तरीही जमलं नाही तर

दोन भरण्या, दोन शाया आणि दोन प्रकारचे कागद होऊनही ‘ब’ मिटत असेल किंवा टोक रुतत असेल, तर श्रेणी चुकली आहे. एका वेळी एकच श्रेणी बदला. एम जाड वाटली म्हणून थेट ईएफवर उडी मारणारे बहुधा पुन्हा एफवर येतात.

बदलाचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची दिशा सारखी नाही. निब घासून देणारा कारागीर एमची एफ करू शकतो, कारण मण्यातला धातू कमी करता येतो. एफची एम होत नाही. तेव्हा बारीक निब जाड हवी असेल तर नवीच घ्यावी लागते.

नवी निब बसवणं कितपत सोपं, ते पेनावर अवलंबून आहे. काही पेनांत निब आणि फीड मिळून एकच आट्यांचा भाग असतो; तो फिरवून काढायचा आणि दुसरा बसवायचा. काहींत ती दोन्ही एकत्र सरळ ओढावी लागतात. लामी सफारीसारख्या पेनात स्टीलची निब फीडवर नुसती सरकवलेली असते: पेनातली शाई काढून टाका, निबेच्या वरच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा घट्ट चिकटवा आणि पट्टी धरून निब फीडच्या रेषेत पुढे ओढा. वर उचललीत तर पाती वाकतील. नवी निब दोन्ही कडांनी फीडच्या खाचेत बसवून अंगठ्याने हलकेच मागे सरकवा. टोकावर जोर देऊ नका, निबेच्या खांद्यांवर द्या. मग शाई भरा, पेन थोडा वेळ निब खाली करून ठेवा, आणि पायरी २ मधली अक्षरं त्याच वहीत पुन्हा लिहून आधीच्या ओळींशेजारी ताडून पाहा.